मामा रिटायर होणार, त्यांच्या डोक्यातलं कंप्युटरवर कसं घ्यायचं?

उद्यमबागकर:
नमस्कार मंडळी, बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना) क्वालिटी बघतो. आमचे मोल्डिंगचे, म्हणजे वाळूचे साचे करणारे मामा दिवाळीनंतर रिटायर होणार. पावसाळ्यात वाळूत ओल वाढली की कास्टिंगला (ओतलेल्या पीसला) ब्लोहोल म्हणजे वाफेची भोकं येतात, तर हा माणूस वाळू मुठीत दाबतो, गोळा मोडून कड बघतो आणि सांगतो पाणी जास्त झालंय, मीटर लावला तर खरंच जास्त! कसं कळलं विचारलं तर "हाताला कळतंय की, लिहायचं काय त्यात?" गेल्या वर्षी एक्सेल केली, दोन महिन्यांत बंद. व्हॉट्सॲपवर सगळं आहे म्हणतात पण गुड मॉर्निंगच्या ढिगात शोधणार कोण? कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

खानापूरवाला:
सॉफ्टवेअर नंतर. एक्सेल इंग्रजीत होती ना? पोरं निम्मी मराठी निम्मी कन्नड, भरणार कोण ती. मामांना लिहायला लावू नका, पीस रिजेक्ट झाला की तिथंच मोबाईल धरा आणि विचारा "कशावरनं कळलं?" दोन मिनिटांचा व्हिडिओ, नावात पार्ट नंबर आणि दोष. तो उघडायचा क्यूआर स्टिकर रॅकवर लावा, पॅटर्नवरचा (साचा ज्याच्यावरनं करतात त्या नमुन्यावरचा) आठवड्यात जातोय.

निपाणीकर७१:
झेरॉक्स कंपनीनं १९९० च्या दशकात युरेका नावाचं असंच केलेलं, मशीन दुरुस्त करणारे एकमेकांना तोंडी टिपा सांगायचे त्याच जमवल्या. टीप आधी दुसरे जाणकार तपासायचे आणि खाली देणाऱ्याचं नाव राहायचं. मामांचं नाव घाला हो, साहेबाचं नको. ठेवायला मीडियाविकी (विकिपीडिया चालतं ते सॉफ्टवेअर) फुकट आहे, जुन्या पीसीवर ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर चालतं, मराठीत शोधताही येतं.

शहापूरचा_पोरगा:
सगळं खरं पण मामा सांगतील का? आमच्याकडं एका फिटरकडनं सगळं लिहून घेतलं आणि पुढच्याच महिन्यात त्याचा ओव्हरटाईम बंद, तेव्हापासनं कोण तोंड उघडत नाही. आणि वाळूची ओल व्हिडिओत दिसत नाही बघा. एक पोरगं आत्तापासनं मामांजवळ उभं करा, मूठ त्यानं दाबायची, आकडा सांगायचा, मग मीटर.

उद्यमबागकर:
मालकांशी बोललो, रिटायर झाल्यावर आठवड्यातनं दोन दिवस मामांना पैसे देऊन बोलवायचं ठरलं. पोरगं पण दिलंय, काल त्यानं ओल तीन टक्के सांगितली, मीटरवर निघाली साडेचार. आज पहिला व्हिडिओ काढला, मामा शर्ट बदलून आले आणि निम्मा वेळ पोराला शिव्याच.