विषय: रत्नागिरी-दापोलीकडील बालवाड्या आणि पाळणाघरे – अनुभव हवे आहेत

प्रेषक: एक सभासद, बर्लिन

बर्लिनच्या आपल्या मराठी मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

येत्या मे महिन्यात आम्ही बर्लिनहून रत्नागिरीला किमान दोन वर्षांसाठी परतत आहोत. सासूबाईंच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे. माझे काम घरून होण्यासारखे आहे, पण यजमानांना आठवड्यातील चार दिवस चिपळूणला जावे लागेल. मुलगी चार वर्षांची आहे आणि मुलगा दोन वर्षांचा. सध्या दोघेही सकाळी साडेआठपासून दुपारी चारपर्यंत किटामध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघर-बालवाडीत, असतात. बर्लिनमध्ये ऑगस्ट २०१८ पासून किटाचे शुल्क नाही, महिन्याला जेवणाचे २३ युरो तेवढे भरावे लागतात, त्यामुळे शाळा निवडताना पैशांचा हिशेब करण्याची सवयच मोडली आहे. रत्नागिरीतील काही शाळांची संकेतस्थळे पाहिली, तर सगळीकडे रंगीत घसरगुंडी आणि पदवीदानाच्या काळ्या टोप्या घातलेली पाच वर्षांची मुले दिसली. वर्गात दिवसभर काय चालते, हे मात्र कुठेच कळले नाही. परत गेलेल्या सभासदांनी स्वतःचे अनुभव कळवले तर फार उपकार होतील. विशेषतः धाकट्याला दिवसभर कोठे ठेवता येईल, ही चिंता अधिक आहे.

प्रेषक: जुनी सभासद, सध्या दापोली तालुका

सप्रेम नमस्कार.

आम्ही बर्लिन सोडले तेव्हा लेक तीन वर्षे दोन महिन्यांची होती. या विषयात आधी एक चूक करून मग मी शहाणी झाले असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

जवळच्या गावात नव्यानेच निघालेली एक इंग्रजी माध्यमाची पूर्वप्राथमिक शाळा आम्ही केवळ इमारत पाहून निवडली. पहिल्या दिवशी फाटकापाशी लेकीचा हात माझ्या हातातून सोडवून घेण्यात आला आणि “आई दिसली की मूल जास्त रडते, तुम्ही निघा,” असे मला सांगण्यात आले. किटात रुळवण्याची पद्धत आपण दोघींनीही अनुभवली आहे: पहिले तीन दिवस आईने मुलाला सोडून जायचेच नाही, चौथ्या दिवशी काही मिनिटे बाहेर जाऊन पाहायचे, आणि रडणारे मूल शिक्षिकेकडून समजूत काढून घेते की नाही यावर पुढचे दिवस ठरवायचे. ज्या मुलीसाठी मी तिथे दोन आठवडे वर्गाच्या कोपऱ्यात बुटक्या खुर्चीवर बसून काढले होते, तीच मुलगी इथे भाषा, माणसे आणि हवा असे सगळेच नवे असताना एका मिनिटात परक्या हाती गेली. तिसऱ्या आठवड्यात दप्तरातून चाररेघी वही घरी आली आणि इंग्रजी ‘ए’ अक्षराचे पानभर लेखन करून आणण्याची सूचना आली. तोवर ती पेन्सिल मुठीत धरत होती. रात्री झोपेत दचकून उठू लागली तेव्हा आम्ही ती शाळा सोडली. वर्षाचे भरलेले पैसे परत मिळाले नाहीत, आणि त्यासाठी भांडण्याइतकी उमेद माझ्यात उरली नव्हती.

त्यानंतर आमच्या वाडीतील अंगणवाडीचे नाव माझ्या आईने काढले तेव्हा मी नाक मुरडले, हे कबूल करते. अंगणवाडी म्हणजे खिचडी वाटण्याची जागा, अशी माझी समजूत होती, आणि परदेशातून आलेल्या बहुतेकांची ती असतेच. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पूरक आहाराबरोबर लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा (गरज पडल्यास मोठ्या दवाखान्यात पाठवणे), मातांसाठी आहार व आरोग्यशिक्षण आणि तीन ते सहा वयाच्या मुलांचे पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा आहेत, हे मला तोवर ठाऊकही नव्हते. ग्रामीण भागात साधारण ४०० ते ८०० लोकवस्तीमागे एक अंगणवाडी असते. त्यामुळे ती बहुधा चालत जाण्याच्या अंतरावर मिळते, आणि कोकणातील वाड्यावाड्यांत विखुरलेल्या वस्तीत ही गोष्ट लहान नाही.

जुलैच्या भर पावसात आम्ही पहिल्यांदा तिथे गेलो. दारात चिखलाने माखलेल्या छोट्या चपलांची रांग होती. लेकीने किटातील सवयीने बूट काढले, घरात घालायच्या सपाता इकडेतिकडे शोधल्या आणि त्या न दिसल्यामुळे ती मोज्यांवरच दारात उभी राहिली. मी दारातूनच परत फिरायचे की काय, अशा विचारात असताना सेविकाबाई म्हणाल्या, “तुम्हीपण बसा की, सतरंजी मोठी आहे.” त्या एका वाक्याने माझा निर्णय झाला. त्या दिवशी चिंचोके मोजण्याचा खेळ चालू होता. लेकीची पाळी आली तेव्हा तिने जर्मनमध्ये “आइन्स, त्स्वाय, द्राय” सुरू केले. मुले क्षणभर गप्प झाली, मग पुढच्या मुलाने चिंचोका उचलून “आइन्स” म्हटले आणि सगळी रांग तेच म्हणू लागली. बाईंनी कोणालाही थांबवले नाही. खेळ संपल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “आता आपले एक-दोन-तीन तिला शिकवू या.” मदतनीसताईंनी केलेली मूगडाळीची खिचडी तिने पहिल्या दिवशी खाल्ली नाही, चौथ्या दिवशी मात्र ताटली पुसून खाल्ली. मी सहा दिवस सतरंजीवर बसले. सातव्या दिवशी लेकीनेच मला “बाय, तू जा,” असे सांगितले. इथे लहान मुलींना लाडाने बाय म्हणतात, ते ऐकून ती आता घरातील सर्वांनाच बाय म्हणू लागली होती.

त्रुटीही लिहिल्या पाहिजेत. सेविकाबाईंचा बराच वेळ मोबाइलवरील ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी ॲपमध्ये माहिती भरण्यात जातो, आणि बैठकीच्या दिवशी मुले एकट्या मदतनीसताईंवर सोपवलेली असतात. आमच्याकडे त्या वर्षी स्वच्छतागृहाला मार्चनंतर पाणी नव्हते, म्हणून आम्ही पालक पाळीपाळीने हंडा भरून ठेवत असू. पुढच्या जूनमध्ये आम्ही लेकीला मराठी शाळेला जोडलेल्या बालवाडीत छोट्या शिशूत घातले, पण ते अंगणवाडीला कंटाळून नव्हे, तर तिची मैत्रीण तिकडे गेली म्हणून.

शाळा पाहायला जाल तेव्हा फी, गाडी, गणवेश यांच्या आधी एकच गोष्ट विचारावी, असे माझे मत आहे: पहिला आठवडा मला वर्गात बसू द्याल का? “आमच्याकडे तशी पद्धत नाही,” असे उत्तर आले, तर त्यामागचे कारण ऐकावे. मुले मोजकी आणि बाई निर्धास्त असतील तर आई बसल्याने काही बिघडत नाही. जिथे एका बाईंकडे चाळीस मुले दिलेली असतात, तिथे तिसऱ्या माणसाने ते पाहू नये, असे संस्थेला वाटणे साहजिक आहे. लेखनाची घाई करणाऱ्या शाळेत तर अजिबात अडकू नका. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा ठरवून त्यात खेळ आणि कृती यांवर भर दिला आहे, आणि आपल्या राज्यात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. तुमच्या मुलीला पहिलीसाठी पुष्कळ अवकाश आहे. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वयोगटासाठी असल्यामुळे त्याखालच्या वर्गांकडे पालकांनाच बारकाईने पाहावे लागते.

धाकट्याच्या बाबतीत मात्र माझ्याकडे दिलासा देण्यासारखे फारसे नाही. अंगणवाडीतील वर्ग तीन वर्षांपासून असतो. त्याआधी वजन-उंचीची नोंद, लसीकरण आणि घरी न्यायचा शिधा एवढेच मिळते. दिवसभर मूल सांभाळणारे पाळणाघर शहरात मिळेल, पण ते बहुधा कोणाच्या तरी घरातच चालत असेल. अशा ठिकाणी दुपारी दोनच्या सुमारास, न कळवता जावे. मुले कुठे झोपतात, त्या वेळी त्यांच्याजवळ कोण बसलेले असते आणि विहिरीचे किंवा मागीलदाराचे कवाड लावलेले आहे का, हे त्या वेळी खरे दिसते. कोकणातील घरांना विहीर आणि मागीलदार असतेच, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आणि यजमान चिपळूणला जाणार म्हणालात म्हणून सांगते: मुलांना आणण्याची जबाबदारी पावसाळ्यात त्यांच्यावर ठेवू नका. २२ जुलै २०२१ च्या पुराने चिपळूणची काय अवस्था झाली, ते सर्वांनी पाहिले आहे. एवढे टोक नको. साध्या मुसळधार पावसातही घाटरस्ता किंवा रेल्वे अडते आणि माणूस चार तास उशिरा पोहोचतो. जिल्हाधिकाऱ्यांनी आदल्या रात्री शाळांना सुट्टी जाहीर केली, तर सकाळी मूल कोणाकडे असेल, हेही आधीच ठरलेले असावे.

प्रेषक: एक सभासद, रायगड जिल्हा

नमस्कार. पाळणाघराच्या मुद्द्यात थोडी भर घालतो. मातृत्वलाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीपासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन मूल पाहता येते. माझी पत्नी ज्या कारखान्यात नोकरीला लागली तिथे ही सोय कागदावर होती; प्रत्यक्षात त्या खोलीत जुन्या फायली रचलेल्या होत्या. तिघी जणींनी मिळून लेखी अर्ज दिल्यावर खोली रिकामी झाली, पाळणा आला, एक ताई नेमल्या गेल्या, आणि आमचा मुलगा तिथे दीड वर्ष राहिला. तोंडी विचारणा वर्षभर चालली होती, अर्जाचे काम मात्र दोन महिन्यांत झाले. आपल्या यजमानांच्या चिपळूणच्या कार्यालयात अशी सोय असली तरी, वरच्या ताईंनी लिहिलेल्या कारणासाठी, दोन वर्षांच्या मुलाला रोज तिकडे नेऊ नये, असे मलाही वाटते.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, बोर्डी (पालघर जिल्हा)

सप्रेम नमस्कार. आमच्या नातवंडांच्या निमित्ताने दोन वर्षे बर्लिनला येऊन राहिलो, म्हणून मी या मंडळाचा सभासद. दापोलीच्या ताईंनी अंगणवाडीबद्दल लिहिले ते वाचून राहवले नाही. अंगणवाडी ही दिल्लीहून आलेली सरकारी वस्तू आहे, असा आपल्याकडे समज असतो. पण बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आमच्या या बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांना इथेच येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये ते काम शेजारच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात न्यावी, हा विचार या किनाऱ्यावर रुजला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर त्यांनी कुरणातच शाळा भरवली. मॉन्टेसोरीची महागडी साधने परवडत नव्हती, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पाने, माती यांतूनच त्यांनी मोजणे, लावणे, ओळखणे शिकवले. दापोलीचे चिंचोके त्याच घराण्यातले आहेत.

एक मतभेद नोंदवतो. आईने आठवडाभर वर्गात बसावे, हे ज्यांना जमते त्यांना ठीक आहे. आमच्या पाड्यांवरील आई सकाळी सातला मजुरीला निघते. तिथे मुलाला रुळवण्याचे काम मोठे भावंड करते. पाच वर्षांची बहीण धाकट्याला कडेवर घेऊन येते आणि बाई तिला धाकट्यासह बसू देतात. म्हणून माझी सूचना अशी की, शाळेत आपल्याच वाडीतील ओळखीचे एखादे मूल आहे का, ते आधी पाहावे. तुमच्या मुलीला ती मदत होईल, आणि वर्षभराने तीच धाकट्याचा हात धरून नेईल.

प्रेषक: एक सभासद, बर्लिन

ताई, काका आणि रायगडचे दादा, आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. सासूबाईंना फोनवरून सगळे वाचून दाखवले. आमच्या घराच्या पाठीमागेच अंगणवाडी आहे आणि तिथल्या मदतनीस त्यांच्या माहेरच्या गावच्या आहेत, हे त्यांनी मला लग्नाला आठ वर्षे झाल्यावर आज पहिल्यांदा सांगितले. मुलीला आधी तिथेच नेऊन सतरंजीवर बसायचे ठरवले आहे. धाकट्यासाठी शेजारच्या एका काकूंना घरीच चार तास यायला विचारणार आहोत. त्या वेळेत माझे बैठकांचे काम उरकेल, उरलेले रात्री करेन. विहिरीला जाळी बसवून घ्यायला सासऱ्यांना आजच सांगितले. एक किरकोळ शंका: ताटली आणि पाण्याची बाटली घरून न्यायची असते का?

प्रेषक: जुनी सभासद, सध्या दापोली तालुका

आमच्याकडे ताटली तिथलीच असते, बाटली घरून द्यावी लागते आणि तिच्यावर नाव रंगाने घालावे लागते, कारण चिकटवलेली चिठ्ठी जुलैत टिकत नाही. किटातील सपाता सामानात भरू नका, जागा अडेल. त्याऐवजी मे संपण्याआधी रत्नागिरीच्या बाजारातून रबरी चपलांचे दोन जोड घ्या, एक जोड पहिल्याच आठवड्यात कोणाच्या तरी पायात जाईल.