एकाच अल्बमच्या तीन तबकड्या: नाद की नुसता सोस?

काळी चकती, टिळकवाडी

परवा चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, "एकच गाणी तीनदा विकत घेणाऱ्याला काय म्हणायचं?" दुसऱ्यानं जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. म्हणून धागा काढतोय. तुम्हीच सांगा.

माझ्याकडे 'द स्ट्रोक्स' या न्यूयॉर्कच्या बँडचा पहिला अल्बम, 'इज धिस इट', तीन तबकड्यांवर आहे. एक ब्रिटनची, एक अमेरिकेची आणि एक अलीकडची नवीन छपाई. अकरा गाणी, सगळी मिळून साधारण ३६ मिनिटं. घरातल्यांचा हिशेब सरळ आहे: तीन गुणिले ३६, आणि गाणी मात्र अकराच.

पण तिन्ही एकच नाहीत हो. ब्रिटनमध्ये अल्बम ऑगस्ट २००१ मध्ये आला. पाकिटावर कातडी हातमोजा घातलेला हात आणि उघडी कंबर, कृष्णधवल फोटो. (आईनं ते पाकीट भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. मी सरळ करतो, ती परत फिरवते. वर्ष झालं हे चाललंय.) अमेरिकेत पाकीट वेगळं: अणूच्या आतले कण एकमेकांवर आदळून उडतात, त्यांच्या वाटांचा रंगीत फोटो, युरोपातल्या 'सर्न'च्या प्रयोगशाळेतला.

आता खरी गंमत. अमेरिकेत याची काळी तबकडी ज्या दिवशी बाजारात आली तो दिवस होता ११ सप्टेंबर २००१. सीडी त्याच महिन्यात पुढे यायची होती. तिच्यात नववं गाणं होतं 'न्यूयॉर्क सिटी कॉप्स', त्यात तिथल्या पोलिसांना अक्कल नाही अशा अर्थाची ओळ. त्या हल्ल्यात पोलीस मेलेले, गावावर सुतक, आणि हे गाणं! सीडी थांबवली, गाणं काढलं, त्या जागी 'व्हेन इट स्टार्टेड' घातलं आणि ९ ऑक्टोबरला विकायला आणली. तबकडी मात्र आधीच छापून गेलेली, तिच्यात ते गाणं राहिलं.

म्हणजे माझ्या हातात जी आहे ती नुसती गाणी नाहीत, त्या एका महिन्यात काय झालं त्याची खूण आहे. आपल्या गावाचंच बघा. बेळगाव, बेलगाम, १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी. गाव तेच, पण कुठली पाटी कुणी कधी लावली हे ज्याला कळतं त्याला इथलं निम्मं राजकारण कळतं. पाटी जुनी झाली म्हणून मी तरी भंगारात घालणार नाही.

बोला आता.

निपाणीचा पाव्हणा

३६ मिनिटांचा अल्बम म्हणजे निपाणीहून बेळगावात येईपर्यंत माझा दोनदा ऐकून होतोय, फोनवर. ते काढलेलं गाणं पण फोनवर आहे आणि त्याच्या जागी घातलेलं पण आहे. तू जे सांगितलंस ते सगळं चांगलं आहे की, पण ते तू *सांगितलंस*. आम्हाला वाचून कळलं. त्यासाठी तबकडी कशाला लागतीय? गोष्ट ठेव, प्लास्टिक विक.

मलप्रभाकाठ, खानापूर

पाव्हण्याशी मी सहमत नाही. मलाही तबकडी आवडते. बाजू संपली की उठून उलटावी लागते, तेवढ्यात माणूस ऐकतो तरी. फोनवर ऐकताना मी निम्म्या वेळा भांडी घासत असते.

पण चकतीराव, तीन? आणि तेही या अल्बमच्या? मी स्वतः या अल्बमची चाहती आहे म्हणून बोलते. हा रेकॉर्ड झाला एका तळघरातल्या स्टुडिओत, न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये. निर्माता गॉर्डन राफाएल. गायक ज्युलियन कासाब्लँकासचा आवाज सरावाच्या एका बारक्या अॅम्पमधून (आवाज मोठा करायच्या डब्यातून) घालवून मुद्दाम चेपलेला, किरकिरा केलेला. शेजारच्या खोलीत कुणीतरी टेलिफोनवर गातंय असा. तेच त्याचं सौंदर्य आहे. आणि तुम्ही लोक त्याचं १८० ग्रॅमचं जाड प्रेसिंग घेऊन, कान लावून, कुठल्या प्रतीत आवाज 'स्वच्छ' आहे ते बघता! झुणका खाताना चांदीचं ताट लागतं असं म्हणण्यासारखं आहे हे.

तुमची ११ सप्टेंबरची गोष्ट मला पटली. त्या एका प्रतीला माझी हरकत नाही. ब्रिटनची हौस म्हणून सोडा. तिसरी कशाला, ते सांगा.

काळी चकती, टिळकवाडी

तिसरी वाजवायला! पहिल्या दोन वाजवून झिजवायच्या नाहीत म्हणून.

मलप्रभाकाठ, खानापूर

म्हणजे दोन तबकड्या *न ऐकण्यासाठी* घेतल्या. बरं.

उद्यमबाग लेथ

मी गाण्यातला नाही. डाय आणि साचे यात २२ वर्षं गेली. पण तुम्ही लोक 'फर्स्ट प्रेसिंग, फर्स्ट प्रेसिंग' म्हणून जो जप करता त्यावर मला बोलायचं आहे, कारण हा शेवटी प्रेसचा माल आहे आणि प्रेसचा माल आम्हाला कळतो.

तबकडी कशी होते ते बघा. अॅल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा थर असतो, त्यात गाण्याची खाच कोरतात. ती मऊ असते, तिच्यावरून माल निघत नाही. म्हणून तिच्यावर चांदीचा पातळ हात देऊन निकेल चढवतात, जसं आपल्याकडे प्लेटिंगवाले करतात तसंच. निकेलची साल सोलली की उलटा ठसा मिळतो, त्याला 'फादर' म्हणतात. त्याच्यावरून सुलटी 'मदर', आणि मदरवरून परत उलटा 'स्टॅम्पर'. हा स्टॅम्पर म्हणजे तुमची डाय. दोन बाजूंना दोन स्टॅम्पर, मध्ये गरम पीव्हीसीचं बिस्कीट, शंभरेक टनाचा दाब, आधी वाफ मग गार पाणी. अर्ध्या मिनिटात तबकडी बाहेर. कडेला आलेली झालर कापून टाकतात. आमच्याकडे तिला फ्लॅश म्हणतात, तिकडेही तेच म्हणतात.

मुद्दा असा की डाय झिजते. एका स्टॅम्परवरून साधारण हजारभर माल बरा येतो, पुढे बारीक खाचा मरायला लागतात. मग मदरवरून नवा स्टॅम्पर काढतात. म्हणजे तुमच्या हातातली 'पहिली छपाई' ही पहिल्या स्टॅम्परवरची पन्नासावी असेल किंवा मरायला टेकलेल्या स्टॅम्परवरची शेवटची. दोन्हीवर छपाईचं साल तेच, पाकीट तेच, भाव तोच. नंतरची छपाई ताज्या स्टॅम्परवरून निघाली असेल तर तुमच्या फर्स्टपेक्षा सरस वाजेल. शेवटच्या गाण्यानंतर गुळगुळीत जागेत जो नंबर कोरलेला असतो तो कोपऱ्यात दिव्याखाली तिरका धरून वाचा, कोरणी कुठली ते कळतं. कितव्या ठोक्याचा माल आहे ते त्यावरून कळत नाही.

आवाजासाठी घेत असाल तर साल बघून घेऊ नका, लावून ऐकून घ्या. सालासाठी घेत असाल तर आवाजाचं नाव काढू नका. दोन्ही एकत्र सांगितलं की गिऱ्हाईक फसतंय.

काळी चकती, टिळकवाडी

हे पहिल्यांदाच कुणी इतकं नीट सांगितलं. पण साहेब, मी आवाजाचं नाव काढलंच नाही. धागा परत वाचा. मी गाणं कुठलं आहे, कुठलं नाही, हे म्हणालो.

मलप्रभाकाठ ताई, 'न ऐकण्यासाठी' म्हणून टोमणा मारलात तो लागला, पण पूर्ण खरा नाही. निळ्या पाकिटाची, म्हणजे अमेरिकेची, प्रत मी गोव्यात घेतली, परत निघालेल्या एका परदेशी पाहुण्याकडून. जुलै महिना. चोर्ला घाटात असा पाऊस की पुढची गाडी दिसेना. तबकडी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, वर रेनकोट, मी भिजलेला. घरी येऊन बाथरूममध्ये जायच्या आधी ती लावली, नववं गाणं होईपर्यंत अंगाखाली पाण्याचं थारोळं. तेव्हापासून फक्त ११ सप्टेंबरला लावतो. वर्षातून एकदा ऐकणं म्हणजे न ऐकणं नव्हे. गणपतीची मूर्तीही आपण वर्षभर मांडून ठेवत नाही.

चोर्ला घाट

विकायची आहे का निळी? भाव सांग.

काळी चकती, टिळकवाडी

नाही.

शहापूरकर काका

मुलांनो, मी सगळं वाचलं. माझं वय ७१. स्ट्रोक म्हटलं की आम्हाला दवाखानाच आठवतो, तेव्हा त्या बँडबद्दल मी बोलत नाही.

पण एक विचारतो. २००१ सालच्या न्यूयॉर्कच्या तबकडीत कुठलं गाणं राहिलं आणि कुठलं गेलं याचा एवढा बारीक हिशेब ठेवता. इथून जवळच सुळेभावी. ८ एप्रिल १९२४ ला कुमार गंधर्व तिथं जन्मले. पोरवयातच त्यांच्या तबकड्या निघाल्या. तुमच्यापैकी किती जणांनी त्यातली एक तरी हातात धरली आहे? आपल्या गल्ल्यांत, वाड्यांच्या माळ्यांवर, ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या अजून आहेत. दर दिवाळीच्या साफसफाईत थोड्या कमी होतात. वजनावर जातात. जड असतात ना, भंगारवाला खूश.

त्याही एकदा फुटल्या की संपल्या. त्यातलं पुष्कळसं फोनवर नाही, पाव्हणे. 'गोष्ट ठेव, प्लास्टिक विक' म्हणालात, पण त्या प्लास्टिकच्याही नाहीत. लाखेच्या आहेत. लाख आणि दगडाची भुकटी.

आणि माझ्या हातून काय झालं तेही सांगतो. वडिलांची नाट्यगीताची एक तबकडी होती, बुरशी आलेली. शहापूरचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. तबकडी स्पिरिटनं पुसावी, लखलखीत होते, असं कुठंतरी वाचलं. कापूस घेऊन फिरवला. कापूस तपकिरी झाला, मला वाटलं घाण निघते आहे, म्हणून अजून जोरात. दोन मिनिटांनी बोट चिकटायला लागलं. गाणंच निघत होतं कापसावर. नातू म्हणाला, आजोबा, सुतार लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच तर पॉलिश करतो ना? खरं आहे. मी वडिलांच्या तबकडीचं पॉलिश केलं.

ज्यानं लिहिलं होतं तो तुमच्यासारखाच नवीन तबकड्या जमवणारा असणार. त्याच्या मालाला ते चालत असेल.

मलप्रभाकाठ, खानापूर

काका, वाईट वाटलं. स्पिरिटचा सल्ला पीव्हीसीच्या तबकडीसाठी दिलेला असतो, तोही पाणी घालून पातळ केलेल्याचा. लाखेच्या तबकडीला तो लावूच नये. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, दोन थेंब भांड्यांचा साबण, मऊ कापड, आणि मधला कागद भिजू द्यायचा नाही. लगेच टिपून घ्यायचं.

आणि चकतीराव, काकांच्या प्रश्नाला उत्तर द्या. टाळू नका.

काळी चकती, टिळकवाडी

टाळत नाही. काकांचा दुखरा मुद्दा मला कळतो, पण वजाबाकी पटत नाही. मी स्ट्रोक्सची तिसरी प्रत घेतली नसती तर ते पैसे घेऊन सुळेभावीच्या तबकड्या शोधायला गेलो असतो काय? नसतो गेलो. मोमो घेतले असते. एकाची हौस बंद केली म्हणून दुसऱ्याचा वारसा वाचत नाही. उलट ज्याला या तबकडीवरचा नंबर वाचायची सवय लागते, त्याच्याच डोळ्याला उद्या माळ्यावरची ७८ची दिसेल.

निपाणीचा पाव्हणा

उद्या, उद्या. माळा काकांचा, उद्या तुझा. रविवारी जा की त्यांच्याकडे. टिळकवाडी ते शहापूर, कितीसं लांब आहे? तू चोर्ला उतरून गोव्याला गेलास की नववं गाणं आणायला.

शहापूरकर काका

या. शिल्लक एकवीस आहेत. आमचा ग्रामोफोन मोडून तीस वर्षं झाली, तेव्हा तुमचा प्लेअर घेऊन या. ऐकल्याशिवाय कुठली काय ते मलाच सांगता येत नाही, वरचे कागद झुरळांनी खाल्लेत.

काळी चकती, टिळकवाडी

काका, येतो. पण माझ्या प्लेअरला ३३ आणि ४५ च आहे. ७८ नाही.

मलप्रभाकाठ, खानापूर

हे राम. तीन तबकड्या, दोन वेग.

आणि ७८ असता तरी तुमची सुई चालणार नाही. जुनी खाच तिप्पट रुंद असते, एलपीची, म्हणजे ३३च्या तबकडीची, सुई तिच्या तळात जाऊन बसते आणि नुसती माती ऐकवते. जाड सुई वेगळी मागवा.

उद्यमबाग लेथ

प्लेअर पट्ट्याचा आहे काय? असेल तर सोपं आहे. मोटरवर जी पितळी पुली आहे तिचा ३३चा व्यास व्हर्नियरनं मोजून पाठव. पट्टीनं नको, व्हर्नियरनं, म्हणजे बारीक माप घ्यायच्या सरकत्या मापानं. त्याला २.३४ नं गुणायचं, पट्ट्याची जाडी धरून थोडा फरक करायचा. अॅल्युमिनियमची वळवून देतो. पट्टा थोडा लांब लागेल. मोटरच्या दांड्याचाही व्यास लिही आणि वरचं झाकण किती उंचीवर आहे ते पण, नाहीतर पुली घासेल.

शनिवारी दुपारी मशीन रिकामं आहे. त्याच्या आत माप दे.