मदत हवी आहे: ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस नेमकं कशामुळे होतं? (नाशिक)

गोदाकाठ
बहिणीला ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस (स्तनाची एक जुनाट सूज, कॅन्सर नव्हे) निघालंय. डाव्या स्तनात टणक गाठ, वरची कातडी लालभडक, पू काढला की परत भरतो आणि चीर दिली तिथून आता सतत झरतंय. अँटिबायोटिक चालूच आहेत. डॉक्टर म्हणतात कारण सापडत नाही, स्टिरॉइड सुरू करू. कारणच माहीत नाही तर स्टिरॉइड कशाला? सासूबाईंचं एकच, दूध एकदम तोडलं म्हणून झालं. ती रडून रडून अर्धी झालीये. कशामुळे होतं तेवढं सांगा, प्लीज लवकर.

सिडकोवाली
वय? मूल केवढं? बायोप्सी झाली का नुसती सुईची तपासणी? टीबीचं काय? एवढं तरी सांगा ताई.

पंचवटीकर
माझ्या मावशीला सेम असंच, टीबी निघाला. गोळ्यांचा कोर्स केला, ठणठणीत आहे आज. टीबीची औषधं सुरू करा, वेळ घालवू नका.

अश्विनी_नारो
दादा, असं सरसकट नका सांगू. मला स्वतःला हा आजार होता. टीबीतही ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींचे बारीक पुंजके) दिसतात आणि यातही, म्हणून आपल्याकडे कितीतरी बायकांना उगाच टीबीच्या गोळ्या सुरू होतात, लिव्हरला त्रास तो वेगळाच. उलट खरंच टीबी असेल आणि स्टिरॉइड दिलं तर तो उफाळतो. म्हणून स्टिरॉइडच्या आधी जीन एक्सपर्ट (टीबीची झटपट तपासणी) आणि टीबी कल्चर (जंतू वाढवून बघतात ती) झालंच पाहिजे.

पंचवटीकर
मावशीचं बघितलंय म्हणून बोललो. डॉक्टरांनीच दिल्या होत्या गोळ्या.

अश्विनी_नारो
त्यांना टीबी सिद्ध झाला होता ना, इथे अजून काहीच कळलेलं नाही.

रानमेवा
कोबीची पानं गार करून बांधा, साठलेल्या दुधाची सूज उतरते. दही, वांगं बंद.

सिडकोवाली
दूध साठलेलंच नाहीये हो, आणि वाहत्या जखमेवर पानं कुठे बांधता!

मखमलाबाद
मेडिक्लेम असेल तर अ‍ॅडमिट व्हायच्या आधी प्री-ऑथ (विमा कंपनीची आगाऊ मंजुरी) करून घ्या, आमची फार धावपळ झाली होती.

गोदाकाठ
वय ३२, मुलगी अडीच वर्षांची, दूध सुटून वर्ष होत आलं. कोअर बायोप्सी झाली, कॅन्सर नाही. जीन एक्सपर्ट निगेटिव्ह, टीबी कल्चर लावलंय. बाकी नडग्यांवर लाल दुखऱ्या गाठी आल्यात, घोटे सुजलेत, पण ते चिकुनगुनियाचं असेल, इकडे साथ आहे.

अश्विनी_नारो
अहो हे आधी सांगायचं! त्या गाठींना एरिथिमा नोडोसम म्हणतात, या आजारात काहींना सांधेदुखीसोबत येतात. शरीराची प्रतिकारशक्तीच भडकते असं मानतात ते यावरूनही, आणि स्टिरॉइड, मेथोट्रेक्सेट देतात तेही ती दाबायला. तरी सर्जनना नडग्या दाखवाच, टीबीतही अशा गाठी येतात.

कारणाचं म्हणाल तर १९७२ साली केसलर आणि वोलॉक यांनी हा आजार पहिल्यांदा मांडला, पण एकच एक कारण आजही कुणी ठामपणे सांगत नाही. बहुतेक बायका बाळंतपणानंतरच्या काही वर्षांतल्या असतात. दूधनलिकेतलं दूध आजूबाजूला झिरपतं आणि शरीर त्याच्यावर तुटून पडतं, असा एक अंदाज. दूध तोडलं म्हणून झालं हे मात्र सासूबाईंना कुणीच सिद्ध करून देऊ शकणार नाही, तिला हे नक्की सांगा.

दुसरं म्हणजे कोरिनेबॅक्टेरियम क्रॉपेनस्टेडटाय नावाचा जंतू. तो चरबीवर वाढतो, हळू वाढतो, नेहमीच्या कल्चरमध्ये निसटतो. लॅबला आधी सांगून प्लेट जास्त दिवस ठेवायला लावा.

तिसरं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करायला लावणारं हार्मोन. ते वाढलेलं असेल तर हा आजार होऊ शकतो किंवा परत परत येऊ शकतो, असं म्हणतात. ती कुठल्या गोळ्या घेते? मानसिक आजाराच्या काही औषधांनी वाढतं, आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळीत डॉमपेरिडोन असेल तर त्यानेही.

गोदाकाठ
अ‍ॅसिडिटीची रोज घेते ती! आत्ता स्ट्रिप बघितली, पँटोप्राझोल आणि खाली डॉमपेरिडोन. याच्यामुळेच झालं का मग?

अश्विनी_नारो
इतकं सरळ नाही, त्या गोळ्या लाखो लोक घेतात. सर्जनना स्ट्रिप दाखवा, बंद करायची का ते त्यांनाच विचारा. प्रोलॅक्टिन सांगितलं तर रक्त स्तन तपासायच्या आधी द्या, तपासणीनंतर आकडा वर येऊ शकतो.

गोदाकाठ
स्ट्रिपचा फोटो पाठवला, उद्या सकाळी रक्त द्यायला सांगितलंय. कल्चरला पू परत घ्यावा लागेल का? पहिला टाकून दिला असणार.

सिडकोवाली
हो, आणि वरून पुसलेला नको, सुईने आतला घ्यायला सांगा. अँटिबायोटिक चालू आहे हे लॅबच्या फॉर्मवर लिहा.