जावा २५०, ६ व्होल्ट: पूर्ण वायरिंग नव्याने करायचं आहे. वायर किती जाडीची, अर्थ (अर्थिंग) कुठे, १२ व्होल्ट करावं का?

प्रतापनगर_जावा

नमस्कार मंडळी. गाडी मैसूरची जावा २५०, १९७१ मॉडेल. ६ व्होल्ट, ४५ वॅटचा डीसी डायनमो, जुनाच मेकॅनिकल कटआऊट (डायनमो बॅटरीला जोडणारा-तोडणारा आपोआप चालणारा स्विच). चेसिसला नुकतंच पावडर कोटिंग झालं आहे. जुनी वायर वाकवली की तिचं प्लास्टिक तडकतं आणि डूमच्या (हेडलाईटच्या डब्याच्या) आत जागोजागी टेप गुंडाळलेले जोड आहेत.

सध्याची लक्षणं: हेडलाईट पिवळा, हॉर्न दाबला की आणखी बसतो. चार्जिंगचा लाल दिवा रेस दिली तरी पूर्ण विझत नाही, मंद तेवत राहतो. कोटिंगच्या आधी तो विझायचा.

तयार हार्नेस (वायरिंगचा पूर्ण जुडगा) घ्यावा की वायर आणून स्वतः बनवावा? कोणत्या लाईनला किती एमएम (चौरस मिलिमीटर)? मूळ गाडीत ज्या ठिकाणी फ्यूज नाही तिथे टाकावा का? आणि सगळं उघडलंच आहे तर १२ व्होल्ट करून टाकावं, असं दोघं-तिघं सांगत आहेत. त्यात कितपत तथ्य आहे?

इतवारी_वायरमन

ताई, वायर विकत घ्यायच्या आधी लोडचा हिशोब करून घ्या. ३५ वॅटचा बल्ब ६ व्होल्टवर जवळपास ५.८ अँपिअर ओढतो. १२ व्होल्टच्या गाडीत तितक्याच वॅटचा बल्ब २.९ ओढतो. करंट दुप्पट म्हणजे त्याच वायरमध्ये व्होल्टेजची घटही दुप्पट, आणि मुळात आहेतच सहा, त्यामुळे टक्केवारीत नुकसान चौपट. ६ व्होल्टच्या गाडीत लाईट मंद राहते ती बहुतेक वेळा याच्यामुळे. बल्बला दोष देऊन फायदा नाही.

डूमपर्यंत जाऊन-येऊन ३ मीटर वायर धरा. ०.७५ एमएमच्या वायरमध्ये साधारण ०.४ व्होल्ट वाटेतच जातात, अडीच एमएममध्ये ०.१३. पण त्याहून वाईट म्हणजे गंजका जोड. एका जोडाचा अडथळा ०.१ ओहम असला तरी जवळपास ०.६ व्होल्ट तिथेच खर्च होतात. व्होल्टेज दहा टक्के घटलं की फिलामेंट बल्बचा प्रकाश तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. टेप गुंडाळलेले चार जोड काय करत असतील ते आता लक्षात येईल.

माझं मत: हार्नेस स्वतः बनवा. तयार किटमध्ये बहुतेक वेळा सगळीकडे एकाच जाडीची वायर राहते, आणि ६ व्होल्टला ती पुरत नाही. डायनमो ते कटआऊट, कटआऊट ते बॅटरी आणि बॅटरी ते डूममधला चावीचा स्विच या तिन्ही लाईन अडीच एमएम. हेडलाईटचे दोन्ही बीम, इग्निशन कॉइल आणि हॉर्न दीड एमएम. टेल आणि ब्रेक लाईट एक एमएम. न्यूट्रल, चार्जिंग आणि मीटरचा दिवा ०.७५. बॅटरीचं निगेटिव्ह ते इंजिन मात्र चार एमएमपेक्षा कमी नको. अडीच एमएम ४ मीटर, दीड एमएम ८ मीटर, एक आणि ०.७५ मिळून १० मीटर आणली की तुकडे उरतील, कमी पडणार नाहीत.

वायर बारीक तारांची फ्लेक्सिबल ऑटो वायर घ्या. घराच्या फिटिंगची एकतारी वायर इंजिनच्या थरथरीने आतल्या आत तुटते आणि वरून दिसत नाही. आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात उन्हात उभ्या गाडीची टाकी आणि खालून सिलेंडरची धग. म्हणून १०५ डिग्रीची इन्सुलेशन मागा, आणि इंजिनजवळून जाणाऱ्या वायरवर फायबरग्लासची स्लीव्ह चढवा.

जुना हार्नेस फेकू नका. तो पाटीवर पसरवून ठेवा, प्रत्येक टोकाला कागदी चिठ्ठी लावा आणि त्याच्याच मापाने नवा कापा. हँडलकडे जाणाऱ्या वायरींना मात्र सहा-सात सेंटीमीटर जास्त ठेवा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितल्याशिवाय बांधायचं नाही, नाहीतर हेडच्या कोपऱ्यावर वायर ताणून घासते.

थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) चांगल्या क्रिम्पिंग पान्याने दाबा, पक्कडने नको. सोल्डर केलं तर डाग वायरमध्ये वर चढतो आणि डाग जिथे संपतो तिथेच वायर काही महिन्यांनी तुटते. करायचंच असेल तर क्रिम्पच्या टोकाला थेंबभर, आणि मागे दोन सेंटीमीटरपर्यंत हीट श्रिंक स्लीव्ह घालून वायर घट्ट धरून ठेवा.

फ्यूज जरूर टाका. १५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून जितका जवळ बसेल तितका. कारण कटआऊट आहे: त्याचे पॉईंट कधी चिकटले तर इंजिन बंद असतानाही बॅटरी उलटी डायनमोत रिकामी होते. वायर तापते, धूर निघतो. चावी काढून ठेवली तरी हे थांबत नाही, कारण ही लाईन चावीतून जातच नाही.

सहा_व्होल्ट_सदर

वरचं सगळं बरोबर, पण लाल दिव्याचं उत्तर पावडर कोटिंगमध्येच आहे. कोटिंग म्हणजे चेसिसवर चढवलेला इन्सुलेटरचा थर. गाडीत निगेटिव्ह सगळं चेसिसमधून परत येतं, आणि आता तो रस्ता फक्त बोल्टच्या आट्यांतून जेमतेम चालू आहे. तो लाल दिवा एका बाजूने चावीच्या लाईनला आणि दुसऱ्या बाजूने डायनमोला जोडलेला असतो. दोन्हीकडे सारखं व्होल्टेज असलं की विझतो. रेस देऊनही मंद तेवतो म्हणजे दोन्ही टोकांत फरक उरतो. हा फरक खराब अर्थमुळे पडतो, किंवा कटआऊटच्या काळ्या पडलेल्या पॉईंटमुळे. आधी अर्थ करा, मगच कटआऊटला हात लावा.

अर्थच्या जागा: इंजिन माउंटिंगच्या एका बोल्टखालचं कोटिंग खरवडून चकचकीत लोखंड काढा, तिथे बॅटरीचं निगेटिव्ह. तिथूनच अडीच एमएमची वेगळी काळी वायर डूमपर्यंत न्या आणि बल्ब होल्डरच्या बॉडीला बसवा. हँडलचा अर्थ स्टीअरिंगच्या ग्रीस भरलेल्या छऱ्यांमधून येतो, त्यावर भरवसा ठेवायचा नाही. हॉर्नचं बटणही हॉर्नची लाईन हँडलवरच अर्थ करतं, म्हणून हँडलच्या क्लॅम्पलाही एक तुकडा जोडा. चौथी जागा टेल लॅम्पची. मडगार्डला रंग असतो, त्यामुळे तिथेही स्वतंत्र वायर. दातेरी वॉशर टाकून कसा, वरून व्हॅसलीन लावा म्हणजे पावसाळ्यात गंज धरत नाही.

झाल्यावर मल्टिमीटरने तपासा. हेडलाईट चालू ठेवून मीटरची एक सुई बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी बल्बच्या पॉझिटिव्ह टोकाला: ०.२ व्होल्टच्या आत हवं. मग बॅटरीचं निगेटिव्ह आणि बल्बची बॉडी: ०.१ च्या आत. लाईट बंद ठेवून केलेली कंटिन्युटीची पिप-पिप इथे काहीच सांगत नाही, कारण एका तारेवर टिकलेला जोडही पिप वाजवतो आणि ६ अँपिअर आल्यावर झोपतो.

एक काळजी घ्या. इंजिन बंद आणि चावी चालू ठेवून तपासताना सीबी पॉईंट (इग्निशनचे उघडझाप करणारे कॉन्टॅक्ट) मिटलेले असतील तर कॉइलमधून सतत करंट जातो. कॉइल तापते, बॅटरी उतरते. पॉईंटमध्ये जाड कागदाचा तुकडा घाला किंवा कॉइलची वायर काढून ठेवा.

कामठी_रोड_२स्ट्रोक

१२ व्होल्टबद्दल. त्याचे दोन रस्ते आहेत आणि लोक दोन्हींची सरमिसळ करतात.

एक, डायनमो तोच ठेवून १२ व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर (डायनमोचं व्होल्टेज आवाक्यात ठेवणारा) लावणे. चालतं, पण बॅटरीपेक्षा वर जायला डायनमोला आता जवळपास दुप्पट व्होल्टेज बनवावं लागतं, म्हणजे चार्जिंग बरंच वरच्या आरपीएमला सुरू होतं. सीताबर्डीच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये फिरणाऱ्या गाडीला बॅटरी भरायला वेळच मिळणार नाही. हायवेवरच चालवणार असाल तर विचार करा.

दोन, डायनमो काढून परमनंट मॅग्नेटचा अल्टरनेटर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणे. जावासाठी असे पूर्ण किट मिळतात. लाईट उत्तम, पॉईंटची कटकट संपते. पण खर्च मोठा, बल्ब, हॉर्न, कॉइल, बॅटरी सगळं बदलतं, आणि गाडी मूळ रूपात दाखवायची असेल तर ते बसत नाही.

मी ६ व्होल्टवरच राहा म्हणेन, पण लोड कमी करून. हेडलाईट ३५, टेल ५, मीटर २ आणि कॉइलचे सरासरी १५ ते २० धरले तर ६० वॅटच्या आसपास जातं. डायनमो ४५ चा. रात्री बॅटरी उतरणारच, वायर कितीही जाड टाका. ब्रेक दाबला की आणखी २१ वॅट. टेल-ब्रेकला ६ व्होल्टचा एलईडी आणि हेडलाईटला १०-१२ वॅटचा एलईडी घेतला की हिशोब जमतो. घेताना पॅकवर ६ व्होल्ट लिहिलेलं बघा. ९ ते ३० व्होल्ट असं लिहिलेले बल्ब ६ वर पेटतच नाहीत. चार्जिंगचा लाल दिवा मात्र साधा फिलामेंटचाच ठेवा, त्याची तेवण बघूनच दोष कळतो.

प्रतापनगर_जावा

सगळ्यांचे मनापासून आभार. मग ६ व्होल्टच ठेवते, हार्नेस स्वतः बनवते आणि अर्थच्या चारही जागा करते. शेवटचं एक विचारते: कटआऊटच्या जागी ६ व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावायचा झाला तर नुसता जागेवर बसवला की झालं का? डायनमो उघडून साफ करायचा आहे, तेव्हा आणखी काय बघावं?

सहा_व्होल्ट_सदर

नुसता बसवून चालणार नाही. डायनमोत फील्ड कॉइलचं (चुंबकत्व देणाऱ्या, न फिरणाऱ्या गुंडाळ्याचं) एक टोक बाहेर येतं. दुसरं आत कुठे जोडलंय त्यावर रेग्युलेटरचा प्रकार ठरतो. दोन्ही कार्बन (ब्रश) उचलून ठेवा, मीटर ओहमवर घ्या. फील्डचं टोक आणि बॉडी यांत रीडिंग आलं तर फील्ड आत अर्थला आहे, रेग्युलेटर पॉझिटिव्ह देणारा हवा. फील्ड आणि आर्मेचरचं (आत फिरणाऱ्या गुंडाळ्याचं) टोक यांत आलं तर रेग्युलेटर अर्थ देणारा हवा. चुकीचा लावला तर चार्जिंग होत नाही किंवा रेग्युलेटर जळतो.

उघडल्यावर कम्युटेटर (आर्मेचरवरचं तांब्याच्या पट्ट्यांचं कडं) बारीक सँड पेपरने साफ करा. एमरी कापड नको, त्याचे कण पट्ट्यांच्या मधे अडकतात. पट्ट्यांमधला अभ्रक पट्टीच्या पातळीपेक्षा अर्धा मिलिमीटर खाली हवा, वर आला तर कार्बन उड्या मारतो आणि ठिणग्या पडतात. कार्बन होल्डरमध्ये मोकळा सरकला पाहिजे. आतली काळी पूड ब्रशने झाडून टाका, ती साचली की पॉझिटिव्ह होल्डर बॉडीला गळतो.

परत जोडल्यावर आणि इंजिन सुरू करण्याआधी फील्डला एकदा बॅटरी दाखवा, म्हणजे पोलमधलं चुंबकत्व योग्य दिशेचं होतं. फील्ड आत अर्थला असेल तर बॅटरीचं पॉझिटिव्ह फील्डच्या टोकाला क्षणभर टेकवा. आर्मेचरला जोडलेलं असेल तर फील्डचं टोक अर्थ करून पॉझिटिव्ह आर्मेचरच्या टोकाला टेकवा. रेग्युलेटरच्या वायरी या वेळी काढलेल्या हव्यात. बॅटरी कधी उलटी जोडली गेली असेल तर हे केल्याशिवाय डायनमो उलटाच चार्ज करत राहील.

नंतर मध्यम रेसवर बॅटरीच्या टोकांवर ७ ते ७.२ व्होल्ट दिसले की काम झालं. ७.५ च्या वर गेलं तर रेस कमी करा आणि रेग्युलेटरची अर्थची वायर आधी बघा. तिचा बोल्ट कोटिंगवरच कसला गेला तर नेमकं असंच होतं.