गारपिटीनंतर लाईट बिल 140 वरून 390 युनिट. मीटर बदलायचा अर्ज द्यावा का?

सेलूकर
वादळात खांब पडले, लाईट आल्यावर सर्व्हिस वायर (खांबावरून मीटरकडे येणारी) नव्याने जोडली गेली. वापर तोच: फ्रिज, 15 लिटरचा गिझर, 1 एचपीची बोअरची मोटर. तरी पुढचं बिल 390 युनिटचं. काय तपासावं?

डीपीवाला
मीटरला एवढ्यात दोष देऊ नका. बिलावर चालू रीडिंगच्या जागी आकडा आहे की नुसता शेरा? शेरा असेल तर बिल सरासरीचं आहे, खरं रीडिंग आलं की वळतं होतं. दोन महिन्यांचं एकदम आलं असेल तर स्लॅब म्हणजे युनिटच्या दराचे टप्पे (0-100, 101-300, 301-500) विभागून लागलाय का पाहा. 390 एकाच महिन्याचे धरले तर 90 युनिट तिसऱ्या स्लॅबमध्ये जातात, विभागले तर एकही नाही.

परभणी_थंडी
गिझरचाही हिशोब करा. टाकीतलं पाणी 25 ऐवजी 15 अंशांवर असलं तर 15 लिटर 60 अंशांपर्यंत तापवायला 0.61 ऐवजी 0.78 युनिट लागतं. रोज दोनदा भरला तरी महिन्याला फरक दहाएक युनिटचा. 250 चा नाही.

सेलूकर
रीडिंग मीटरशी जुळतं, बिल एकाच महिन्याचं. घरातलं सगळं बटणावर बंद केलं तरी मीटरचा लाल दिवा मिनिटाला 18 वेळा लुकलुकतो. मीटरवर 3200 इम्पल्स लिहिलंय, म्हणजे एका युनिटला 3200 लुकलुक.

वायरमन लातूर
मग उत्तर मिळालंच की! 18 गुणिले 60 भागिले 3200 म्हणजे तासाला 0.34 युनिट, महिन्याला 243. तुमची वाढ जवळपास तेवढीच आहे. मीटर बरोबर मोजतोय, घरात गळती आहे.

वादळानंतर घाईत जोडणी करताना खांबावर फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परतीची वायर) आडके, म्हणजे अदलाबदल होतात. मग सिंगल पोल (एकच वायर तोडणारं) बटण आणि एमसीबी (करंट फार वाढला की पडणारा स्विच) फेजऐवजी न्यूट्रल तोडतात, फेज मोटरपर्यंत कायम उभा राहतो. बोअरच्या केबलचा जॉइंट पाण्यात भिजला किंवा केसिंगला (बोअरच्या पाइपला) घासला असेल तर दीड अँपिअर जमिनीत जातो. तेवढ्याने एमसीबी पडत नाही. वायरी सरळ होत्या तेव्हा हीच गळती फक्त मोटर चालू असताना व्हायची, म्हणून बिलात दिसली नाही.

ओळखायचं कसं: सॉकेटसमोर उभं राहून टेस्टर लावा. उजव्या भोकात पेटला पाहिजे. घरभर डाव्या भोकात पेटत असेल तर वायरी आडक्या. डबल पोल (दोन्ही वायरी तोडणारा) मेन उतरवा, दिवा थांबला तर गळती मेनच्या पुढे घरातच. मेन बंद ठेवून मोटरच्या दोन्ही वायरी बोर्डातून सोडवा, टोकांना टेप लावा आणि मेन चढवा. दिवा थांबला तर मोटरचीच.

डीपीवाला
तोवर गिझरचं पाणी अंगावर घेऊ नका. वायरी आडक्या असताना बटण बंद असलं तरी कॉइलला फेज असतो. खांबावरची जोडणी लाईनमनकडूनच सरळ करून घ्या, तक्रार 1912 वर नोंदवून क्रमांक ठेवा. पण वायरी सरळ झाल्या म्हणजे मोटर सुधारली असं नाही. केबल वर काढून 500 व्होल्टच्या मेगरने (वायरचं इन्सुलेशन मोजणारं यंत्र) तपासा, 1 मेगाओमच्या खाली आली तर जॉइंट नव्याने करा. आणि मेनच्या पुढे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती ओळखणारा स्विच) बसवा, असली गळती तो लगेच तोडतो.

सेलूकर
डाव्याच भोकात पेटतोय, सगळीकडे. मोटर सोडवल्यावर दिवा थांबला. आता या बिलाचं काय करू?

वायरमन लातूर
युनिट तुमच्या मीटरमधून गेलेत, माफी मिळणं अवघड. पण जोडणी चुकली हे तक्रारीत लेखी मांडा. वाद चालू असताना वीज तोडू नये म्हणून विद्युत कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे, बिलाची रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली कमी असेल ती 'हरकत राखून' असं लिहून भरता येते. पावती जपून ठेवा.