नकाशाच्या प्रश्नातील काळ आणि दिशा
आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेतील नकाशाच्या प्रश्नात, म्हणजे एकाच जागेचे दोन काळांतले नकाशे पाहून बदल इंग्रजीत लिहायच्या प्रश्नात, प्रत्येक इमारतीचा उल्लेख करायलाच हवा का, असे एकाने विचारले आहे. माझ्या मते नको. हा प्रश्न जिथे येतो त्या आयईएल्टीएस अ‍ॅकॅडमिकच्या पहिल्या लेखनप्रश्नाला सुमारे २० मिनिटे मिळतात आणि किमान १५० शब्द लिहायचे असतात. तेवढ्यात ठळक बदल निवडून त्यांचा एकत्रित आढावा एक-दोन वाक्यांत घ्यावा आणि बदलांची कारणे मनाने रचू नयेत.

खरी गफलत काळाची होते. दोन्ही नकाशे १९९० आणि २०१० अशा सरलेल्या वर्षांचे असतील, तर ‘वॉज रिप्लेस्ड’ हा साधा भूतकाळच योग्य. दुसरा नकाशा आजचा असेल तरच ‘हॅज बीन रिप्लेस्ड’ शोभते. मराठीत ‘शेताच्या जागी घरे झाली’ असे, ती कोणी बांधली ते न सांगता, सहज म्हणता येते, पण इंग्रजीत लिहिताना आपण ‘दे बिल्ट हाउसेस’ लिहून मोकळे होतो. हे ‘दे’ कोण, ते नकाशात कुठेच नसते, म्हणून ‘हाउसेस वेअर बिल्ट’ लिहावे.

दिशांनाही जपावे. ‘इन द नॉर्थ ऑफ द टाउन’ म्हणजे गावाच्या उत्तर भागात, तर ‘टू द नॉर्थ ऑफ द टाउन’ म्हणजे गावाबाहेर उत्तरेला, त्यामुळे एवढ्याशा शब्दाने रेल्वे स्थानक वेशीबाहेर जाते.