केटीएम ठेवू की विकू?

प्रश्न : माझी बाइक केटीएम ३९० ड्यूक, २०१९ची. नोव्हेंबर २०२४मध्ये केटीएमने ऑस्ट्रियात दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हापासून बायको म्हणतेय, विकून टाक. पार्ट मिळतील ना पुढे?

उत्तर १ : ३९० बजाजच्या चाकणच्या कारखान्यात बनते, ऑस्ट्रियातल्या माटिगहोफेनला नाही. बिनधास्त ठेवा.

उत्तर २ : चाकणलाच आठ वर्षं काढलीत, म्हणून सांगतो. कोविडातली मागणी ओसरली, तरी तिकडे गाड्या बनतच राहिल्या. गोदामं तुंबली. देणेकऱ्यांना शेवटी रुपयामागे तीस पैसे! बजाजने ८० कोटी युरो उभे केले. २००७ला साडेचौदा टक्के घेऊन आलेला पाहुणा आता घरमालक झालाय. माझी काळजी वेगळीच आहे : मोठ्या इंजिनांवर खर्च कोण करणार?

उत्तर ३ : वहिनींना सांगा, गाडीचं माहेर पुण्यातच आहे.

प्रश्नकर्ता : सांगितलं. म्हणाली, मग माहेरी पाठव.